शेरा लिहिण्याआधीचं काम: शाळाप्रमुखांसाठी

"पाठ चांगला झाला. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा." पाठनिरीक्षणाच्या वहीतला हा शेरा न वाचलेला शिक्षक सापडणं कठीण. लिहिणाऱ्याला त्यातून काही सांगायचं नसतं, वाचणाऱ्याला काही घ्यायचं नसतं. सही होते, वही कपाटात जाते. यात आळस थोडा आणि भीती जास्त असते. स्पष्ट लिहिलं तर समोरचा दुखावेल, स्टाफरूममध्ये चर्चा होईल, वर्षभर त्याच माणसाकडून काम करून घ्यायचंय, असा हिशेब प्रमुखाने मनात केलेला असतो. शिक्षकानेही ठरवून टाकलेलं असतं की वर्गात आलेला माणूस चुका शोधायलाच आलाय. म्हणून अभिप्राय सुधारायचा तर वहीपासून सुरुवात करून भागत नाही. सुरुवात त्याच्या बरीच आधी करावी लागते.

पुढचं सगळं मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि विभागप्रमुख यांच्यासाठी आहे. आकडे साधारण ३० कर्मचाऱ्यांची शाळा धरून दिलेत. तुमची शाळा लहान-मोठी असेल त्या मानाने बदला.

पहिले तीन आठवडे

१९९० च्या दशकात अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोतल्या प्राथमिक शाळांचा अनेक वर्षं अभ्यास केला. जिथे शिक्षक, प्रमुख आणि पालक यांचा एकमेकांवर भक्कम विश्वास होता, अशा शाळांपैकी साधारण दोनातली एक शाळा वाचन-गणितात सुधारली. विश्वास कच्चा होता तिथे हे प्रमाण सातात एक होतं. विश्वास कशाकशाने बनतो, याचे त्यांनी चार भाग सांगितले: आदर, कामातली पात्रता, माणूस म्हणून आपुलकी आणि बोलल्याप्रमाणे वागणं. यातला चौथा भाग नव्या प्रमुखाच्या हातात पहिल्या दिवसापासून असतो आणि बहुतेक जण तिथेच घसरतात.

आधी प्रत्येकाशी एकट्याने बोला. प्रत्येक कर्मचाऱ्याला २० मिनिटं. त्यात लिपिक, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई आलेच. शाळेत कुठे काय अडतंय हे शिपायाइतकं क्वचितच कोणाला ठाऊक असतं. रोज दोघे धरले तर १५ कामकाजाचे दिवस लागतात, म्हणजे तीन आठवडे. प्रश्न तीनच ठेवा आणि सगळ्यांना तेच विचारा:

– इथली कोणती गोष्ट मी अजिबात बदलू नये?
– तुमच्या रोजच्या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात वाया जातो?
– माझ्याकडून तुम्हाला नेमकं काय हवंय?

उत्तरं समोरच लिहून घ्या, पण लिहिण्याआधी "हे लिहून ठेवू ना?" असं विचारा. कोणी दुसऱ्याबद्दल तक्रार सुरू केली तर ती कागदावर घेऊ नका. "यावर त्यांच्यासमोरच बोलू" एवढं म्हणून प्रश्नावर परत या. या भेटीत उपाय सुचवायचे नाहीत, हे सगळ्यात अवघड जातं. वीसपैकी पंधरा मिनिटं तुम्हीच बोललात, तर ती भेट वाया गेली असं समजा.

दुसरं काम एका छोट्या वहीचं, दिलेले शब्द टिपून ठेवायच्या. तीन रकाने आखा: कोणाला, काय, कधीपर्यंत. "बघतो", "करू काहीतरी", "माझ्या लक्षात आहे" ही वाक्यंही या वहीत जातात, कारण ऐकणाऱ्याने तो शब्द म्हणूनच घेतलेला असतो. रोज शाळा सुटताना पाच मिनिटं वही उघडा. ज्याची तारीख आज आहे ते काम झालं असेल तर त्या माणसाला तसं सांगा. झालं नसेल तर तो विचारायला येण्याआधी तुम्ही जाऊन नवी तारीख द्या. उशीर लोक समजून घेतात. आठवण करून द्यायला लागणं मात्र त्यांना खुपतं.

नेहमीची चूक अशी की पहिल्या आठवड्यात उत्साहाने वीस गोष्टींना होकार दिला जातो आणि महिन्याभरात त्यातल्या चौदा लटकलेल्या असतात. एका वेळी पाचापेक्षा जास्त शब्द उघडे ठेवू नका. उरलेल्यांना सरळ नकार द्या, कारणासकट. "पंखा या सत्रात बदलता येणार नाही, दुरुस्तीचे पैसे संपलेत, पुढच्या सत्राच्या यादीत पहिला घेतलाय" हे ऐकणाऱ्याला आवडत नाही, पण पुढच्या वेळी तुमच्या "हो"ला किंमत येते.

आणखी दोन गोष्टी विश्वासाला आतून पोखरतात. एक, ठराविक तीन-चार जणांचा गोतावळा. ते गुणी असतील, तुमचं काम त्यांच्यावाचून अडत असेल, तरी बाकीच्यांना दिसतं ते एवढंच की साहेबांच्या केबिनमध्ये नेहमी तेच बसलेले असतात. महिन्याअखेर कोणाशी किती वेळा बोललात याच्या खुणा हजेरीपटावर पेन्सिलने करून बघा. कोरी नावं लगेच उठून दिसतील. दुसरी, एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला "तुमच्यापुरतंच ठेवा" म्हणून सांगणं. ऐकणारा ते ठेवतोही कदाचित, पण त्याला कळून चुकतं की आपलं बोलणंही असंच कुठेतरी पोचत असणार.

वर्गभेट: छोटी, वारंवार

वर्षातून दोनदा पूर्ण तास बसून केलेलं निरीक्षण म्हणजे बहुतेक वेळा सजवलेला पाठ. त्यापेक्षा १० ते १२ मिनिटांच्या भेटी कितीतरी जास्त सांगून जातात. रोज दोन भेटी, आठवड्याला दहा. अगदी ३० शिक्षक धरले तरी प्रत्येकाकडे तीन आठवड्यांतून एकदा जाणं होतं. हे जमवायचं तर वेळापत्रकात स्वतःच्या दोन तासिका पक्क्या करा आणि त्या वेळेत फोन, भेटी, सह्या बंद ठेवा. "वेळ मिळाला की जाईन" म्हणणारा प्रमुख सत्रभर वर्गात जात नाही.

सुरुवात करण्याआधी शिक्षकसभेत तीन गोष्टी स्पष्ट सांगा: या भेटी कशासाठी आहेत, काय लिहिलं जाईल आणि ते कुठे जाणार नाही. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. या नोंदी वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलला जोडायच्या नाहीत, एकदाही नाहीत. एका शिक्षकाच्या बाबतीत हा नियम मोडला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टाफरूमला कळतं आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला पुन्हा सजवलेले पाठच दिसू लागतात.

वर्गात मागच्या किंवा बाजूच्या बाकावर बसा, जिथून मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतात. फळ्याकडे बघत बसलात तर फक्त शिक्षक दिसतो. नोंद करताना विशेषणं टाळा. "वर्ग निरुत्साही", "सादरीकरण प्रभावी" हे तुमचे निष्कर्ष झाले आणि त्यावर वाद घालता येतो. वेळ आणि घटना लिहा:

१०:०८ – फळ्यावर ३/५ आणि ४/७. "कोणता मोठा?" एका सेकंदात पहिल्या बाकावरून उत्तर: "तीन छेद पाच." शिक्षिका: "बरोबर."
१०:१० – पुढचा प्रश्न. हात ४, चौघेही पहिल्या दोन रांगांतले.
१०:१२ – शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या वहीत फक्त उत्तरं. छेद समान केल्याची आकडेमोड नाही.
१०:१५ – एकूण प्रश्न ६, उत्तर देणारी मुलं ४.

एवढी नोंद पुरे. प्रश्नानंतरचा वेळ मोजणं हे नव्या निरीक्षकासाठी सोपं आणि उपयोगी काम आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणाऱ्यांची संख्या घटते आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. हाच हिशेब तुमच्या केबिनलाही लागू आहे, त्याकडे पुढे येऊच.

वर्गातून निघताना चेहरा साधा ठेवा. कपाळावरची आठी किंवा जाता जाता शिक्षकाला केलेली खूण दिवसभर त्याच्या डोक्यात घोळत राहते. मुलांसमोर शिक्षकाची चूक दुरुस्त करू नका, फळ्यावरचा आकडा चुकलेला असला तरीही. तास संपल्यावर लगेच सांगा, तो पुढच्या तासाला स्वतः दुरुस्त करेल.

पंधरा मिनिटांचं बोलणं

वर्गभेटीनंतर शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी बोला. आठवडा उलटला की दोघांनाही तो तास नीट आठवत नाही आणि बोलणं पुन्हा "एकंदरीत" वर येतं. जागा शिक्षकाच्या रिकाम्या वर्गाची निवडा. टेबलापलीकडे तुम्ही आणि अलीकडे तो, अशी बैठक झाली की अभिप्रायाची सुनावणी होते.

क्रम साधा आहे. नोंदीतली एक घटना वाचा, त्याबद्दल खरा प्रश्न विचारा, थांबा, एक बदल दोघांनी मिळून ठरवा, परत कधी येणार ते सांगा. वरच्याच नोंदीवर हे असं होऊ शकतं:

"मॅडम, सात मिनिटांत तुम्ही सहा प्रश्न विचारलेत. उत्तरं चौघांकडूनच आली. हे नेहमीचेच चौघे का?"

"हो सर, तेच बोलतात. बाकीच्यांना विचारलं की गप्प. मग तास पुढे सरकत नाही."

"बाकीच्यांना येत नाही, की विचार करायला वेळ कमी पडतो? हे कशावरून ओळखता येईल?"

इथे थांबायचं. मनात पाच आकडे मोजा. शांतता जड वाटते आणि प्रमुखाच्या तोंडून उत्तर निसटतं ते इथेच.

"...आधी सगळ्यांकडून वहीत करून घेतलं तर कळेल."

"करून बघू. प्रश्न फळ्यावर, सगळ्यांनी वहीत सोडवायचं, तेवढ्यात तुम्ही मागच्या दोन रांगांतून एक फेरी मारायची आणि मग नाव घेऊन विचारायचं. मी गुरुवारी याच तासाला येतो, फक्त एवढंच बघायला."

"हात वर करणाऱ्यांना राग येईल त्याचा."

"येऊ दे दोन दिवस. त्यांनाही पायऱ्या लिहायला लावा."

बदल एकच, आणि पुढच्या तासाला करता येईल एवढा लहान. "विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवा" ही इच्छा झाली. मागच्या दोन रांगांतून एक फेरी ही कृती आहे. पाच सूचना दिल्या की शिक्षक त्यातली सगळ्यात सोपी निवडतो, बहुधा तक्ता लावण्याची. आणि गुरुवारी जा म्हणजे जाच. गेला नाहीत तर एवढंच ठरलं की तुमचा अभिप्राय बोलण्यापुरता होता.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून निघून स्वतःवर, म्हणजे "मी कसा आहे, माझ्याबद्दल काय मत झालं" यावर गेलं की परिणाम घसरतो. त्यामुळे "तुम्ही हाडाच्या शिक्षिका आहात" ही स्तुतीही तितकीशी कामाची नाही. त्याऐवजी "चुकीचं उत्तर आल्यावर तुम्ही त्या मुलाला 'कसं काढलंस?' विचारलंत, तेव्हा आणखी तिघांनी आपली वही तपासली" असं सांगा. काय केल्याने काय घडलं ते कळलं की माणूस ते पुन्हा करतो.

गुण किंवा श्रेणी या बोलण्यात आणू नका. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात केवळ लेखी सूचना मिळालेल्यांचं काम सुधारलं. सूचनांबरोबर गुणही मिळालेल्यांना त्या सूचनांचा फायदा झाला नाही. डोळे गुणांवर जातात आणि तिथेच थांबतात. मोठ्यांचं काही निराळं असतं असं समजायला आधार नाही.

दोन स्तुतींच्या मध्ये एक टीका घालून देण्याची पद्धत फार शिकवली जाते. माझ्या मते ती सोडून द्यावी. चार वेळा अनुभव आला की शिक्षक स्तुती सुरू होताच "पण"ची वाट बघू लागतो आणि तुमचं खरं कौतुकही वाया जातं. कौतुक करायचं तर तेवढंच करा आणि उठा.

समोरची माणसं सारखी नसतात. प्रत्येक गोष्टीला "हो सर, करतो" म्हणून काहीच न बदलणाऱ्यावर चिडण्याआधी त्याला विचारा, "उद्याच्या तासाला हे कुठे बसवाल? मला दाखवा." बऱ्याचदा काय करायचं तेच कळलेलं नसतं. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकाला पद्धत सांगायला जाऊ नका; मुलांच्या चार वह्या समोर ठेवा आणि "यात तुम्हाला काय दिसतं?" विचारा. कोणाचे डोळे भरून आले तर बोलणं तिथेच थांबवा, उद्याची वेळ ठरवा, आणि उद्या नक्की बसा. विषय सोडून दिलात तर त्या माणसाला वाटतं, आपलं आता काही होणार नाही असं यांनी ठरवलंय.

एक सीमारेषा मात्र आखून घ्या. मुलांना मारणं, अपमान करणं, असुरक्षित वागणं, न सांगता गैरहजर राहणं हे अभिप्रायाचे विषय नाहीत. तिथे प्रश्न विचारून वाट बघायची नसते. त्याच दिवशी, लेखी, नियमानुसार कारवाई करा आणि हे वर्गभेटीचं बोलणं नाही, असं स्पष्ट शब्दांत सांगा. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या प्रत्येक वर्गभेटीला शिक्षकाच्या पोटात गोळा येतो.

सूचनावही, सभा आणि व्हॉट्सॲप

सूचनावहीतली ही सूचना ओळखीची वाटेल: "काही शिक्षक तासाला वेळेवर जात नसल्याचे निदर्शनास आले आहे. यापुढे असे आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल." ३० पैकी २६ जण वेळेवर जातात आणि विनाकारण दुखावतात. उरलेले चौघे सही करताना म्हणतात, हे त्यांच्यासाठी आहे. चौघांचं काम चौघांशी बोलून करा. सूचना काढायचीच तर व्यवस्थेत काय बदललंय ते लिहा: "मधल्या सुट्टीनंतरचा तास ५ मिनिटं उशिरा सुरू होतोय. सोमवारपासून पहिली घंटा ३ मिनिटं आधी होईल. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू."

सभेसाठी ४५ मिनिटं पुरतात, जर माहिती आधीच लेखी दिली असेल तर. तारखा आणि परिपत्रकं वाचून दाखवायला सभा घेऊ नका. विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक खूण करा: "ठरलंय", "मत हवंय", "तुम्ही ठरवा". शाळेत सगळ्यात जास्त कटुता येते ती ठरलेल्या गोष्टीवर मत मागितल्याने. निर्णय झालेला असेल तर तसं सांगा आणि चर्चा अंमलबजावणीवर घ्या. मत मागितलंत तर कोणाचं मत का घेता आलं नाही, तेही नंतर सांगा. सभेत आधी कनिष्ठांना बोलू द्या आणि स्वतः शेवटी बोला. प्रमुखाने सुरुवातीलाच कल दाखवला की उरलेला वेळ माना डोलावण्यात जातो.

वेळापत्रक, वर्गवाटप, बदली यांसारखी बातमी ज्याला बसणार आहे त्याला सर्वांत आधी, समोरासमोर सांगा. मग विभागाला, मग सर्वांना, सगळं एकाच दिवसात. ग्रुपवरून स्वतःची बातमी कळलेला माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही.

व्हॉट्सॲपसाठी नियम थोडे आणि कडक असावेत. ग्रुप फक्त सूचनांसाठी. ठरावीक वेळेनंतर संदेश नाही, अगदी तातडीचं असेल तर फोन. कोणाच्या कामावर टीका तिथे नाही, आडूनही नाही. रात्री सुचलं तर लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा. रात्री साडेदहाला प्रमुखाचा "उद्या भेटा" आला की समोरच्याची झोप उडते, विषय साध्या रजेचा असला तरी.

पालकांच्या तक्रारीत विश्वासाची दोन टोकं एकाच वेळी ताणली जातात. ऐकून घ्या, लिहून घ्या, वाचून दाखवा, उत्तर कधी देणार ती तारीख सांगा. पालकांसमोर शिक्षकाला बोलावून जाब विचारू नका. त्याची बाजू ऐकल्याशिवाय "आमचे शिक्षक असं करणारच नाहीत" असंही म्हणू नका. शिक्षकाकडे जाताना तक्रार जशीच्या तशी न्या, मसाला न लावता. चूक झाली असेल तर शिक्षकाला पालकांशी स्वतः बोलायची संधी द्या, शेजारी तुम्ही बसा. ठरलेल्या तारखेला पालकांना फोन जायलाच हवा, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

उलट दिशेचा अभिप्राय

"काही सूचना असतील तर सांगा" याला उत्तर येत नाही. नेमकं विचारा: "सभेत मी कोणती एक गोष्ट बंद करावी?" "गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुमचा वेळ कुठे वाया गेला?" विचारून झाल्यावर वर सांगितलेले पाच आकडे मोजा. उत्तर आलं की स्पष्टीकरण देऊ नका, "आणखी?" एवढंच म्हणा. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करताना आढळलं की चांगल्या चालणाऱ्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. चुका तिथे मोकळेपणाने सांगितल्या जात असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तुमच्याकडे महिनाभर एकही तक्रार आली नाही, तर खूश होण्याआधी थोडी शंका घ्या.

सत्रातून एकदा निनावी चिठ्ठी घ्या, चारच प्रश्नांची, टाइप केलेली आणि खुणा करण्याजोगी, म्हणजे हस्ताक्षराचा प्रश्नच उरत नाही: दिलेला शब्द पाळला जातो का, चूक झाली तर सांगायची भीती वाटते का, अभिप्रायाचा वर्गात उपयोग झाला का, निर्णयांची कारणं कळतात का. आठ दिवसांच्या आत निकाल सभेत जसाच्या तसा मांडा, वाईट आकडे आधी. त्यातली एक गोष्ट निवडा, काय बदलणार ते सांगा आणि वहीत तारीख टाका. "हे कोणी लिहिलं असेल?" असा प्रश्न गमतीतही विचारलात, तर पुढच्या सत्रात सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच गोड येतील.

आणि शब्द मोडला, चारचौघांत कोणावर आवाज चढला, गोपनीय गोष्ट तोंडातून गेली, असं होतंच. ज्या ठिकाणी चूक झाली त्याच ठिकाणी ती मान्य करा. सभेत बोललात तर माफीही सभेतच, केबिनमध्ये बोलावून नाही. "काल मी देशपांडे सरांना सर्वांसमोर बोललो, ते चुकलं. कारण काहीही असो, ते एकट्याने विचारायला हवं होतं. यापुढे हजेरीचा विषय सभेत येणार नाही." तीन वाक्यं पुरतात. "पण तुम्हीही" हे चौथं वाक्य जोडलं की आधीची तीन वाया जातात. त्यानंतर पुढचे दोन महिने हजेरीचा विषय खरोखर सभेत येऊ देऊ नका. सगळे तेवढंच बघत असतात.